माणूस कामावर ठेवताय? आधी हिशेब कागदावर घ्या : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं जवळपास सगळी एकाच विषयावर आलीयेत. दुकान आहे किंवा छोटं युनिट आहे, माणसं ठेवलीयेत किंवा ठेवायचीयेत, आणि कायदा नक्की काय म्हणतो ते कुणी धड सांगत नाही. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे चार लेबर कोड लागू झाले, जुने २९ कायदे त्यात गेले, तेव्हापासून व्हॉट्सअपवर वाट्टेल ते फिरतंय. कोड आले म्हणून सगळं उलटंपालटं झालेलं नाही. पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मिळणारी रक्कम) यांचे मुख्य आकडे तेच आहेत, आणि जिथे नवे नियम लागू झालेले नाहीत तिथे जुने नियमच चालतात. आपलं गुमाश्ता (दुकान-ऑफिसची नोंदणी) तर राज्याच्या १९५८ च्या दुकान आणि स्थापना कायद्याखालचं, त्याला या कोडनी हातच लावलेला नाही. पत्र लिहिणाऱ्यांची नावं देत नाहीये, इंदूरचा भाग तेवढा दिलाय.

प्रश्न (रामबाग): ताई, माझं ब्लाऊज-ड्रेस शिवायचं बुटीक आहे. सहा जणी आहेत, चौघींना पीसवर पैसे देते, दोघी शिकायला येतात म्हणून त्यांना काही देत नाही. हे म्हणतात की दहाच्या आत आहोत म्हणजे आपल्याला कुठलाच कायदा लागत नाही. खरं आहे का?

उत्तर: नाही वहिनी, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की मी याच पत्रापासून सुरुवात करतेय. दहा माणसं आणि वीस माणसं हे जे आकडे आपण ऐकतो ते ईएसआय, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस असल्या ठरावीक गोष्टींसाठी आहेत. त्याच्या खालीसुद्धा बरंच काही लागतं, अगदी एकच बाई कामाला असली तरी. गुमाश्ता काढलेलं हवं, किमान वेतन द्यायचं, आठवड्याची एक सुट्टी द्यायची, आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेतलं तर त्या तासांचे दुप्पट पैसे, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. हे वेतनाचं आता वेज कोडमधे आहे आणि त्यात माणसांची संख्या बघत नाहीत.

पीसरेट चालतो, त्यात काही चुकीचं नाही, पण दिवसभर बसून जेवढे पैसे होतात ते रोजच्या किमान दराच्या खाली जाता कामा नयेत. समजा एका ब्लाऊजचे तुम्ही १०० देता आणि आठ तासात तिचे तीन ब्लाऊज झाले तर ते ३०० झाले, आपल्या राज्यात अकुशल कामाचा रोजचा दरसुद्धा याच्या वर आहे आणि शिवणारी बाई तर अकुशल धरलीच जात नाही. अकुशल, अर्धकुशल, कुशल, उच्चकुशल असे चार दर असतात, महागाई भत्ता १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो. म्हणून वर्षातून दोनदा यादी बघायची सवय लावा, श्रमायुक्तांचं मुख्यालय आपल्या इंदूरमधेच आहे आणि आदेश ऑनलाइनही मिळतो. एप्रिल २०२४ चे वाढीव दर मधे हायकोर्टात अडकले होते तेव्हा बऱ्याच जणांनी जुनेच देणं चालू ठेवलं, स्टे उठल्यावरही तेच. ते आता चालणार नाही.

शिकणाऱ्या दोघींचं सांगते. त्या जर खरंच शिकत असतील, म्हणजे जुन्या कापडावर हात बसवत असतील, तर गोष्ट वेगळी. पण गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजची हातशिलाई, हूक-काज, इस्त्री त्या करत असतील आणि त्याचे पैसे तुमच्या गल्ल्यात जात असतील तर त्या कामगारच आहेत, त्यांना "शिकायला येतात" म्हणून फुकट ठेवता येत नाही. अप्रेंटिस ठेवायच्या तर त्याचा १९६१ चा वेगळा कायदा आहे, त्यात करार नोंदवावा लागतो आणि स्टायपेंड द्यावाच लागतो. मला हे मनापासून वाटतं की या मुलींना पहिल्या महिन्यापासून पैसे द्या, त्यातली एखादी पुढे तुमची सगळ्यात चांगली कारागीर होईल.

आणि एक, सहा जणी असल्यामुळे तुम्हाला लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी स्वतःची समिती नेमावी लागत नाही, ती दहापासून पुढे. पण कायदा २०१३ चा आहे आणि तो तुमच्याकडेही लागतो, तुमच्याकडच्या मुलीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे तिला माहीत असू द्या.

प्रश्न (सांवेर रोड): आमचं नमकीनचं युनिट आहे. रजिस्टरवर १८ लोक आहेत, पॅकिंगला ठेकेदाराचे ४ येतात, सणासुदीला रोजंदारीवर आणखी. पीएफ २० ला लागतो ना, म्हणजे आम्ही बाहेर आहोत. सीए म्हणाले की पुढे वाढले तर पॅकिंग मिसेसच्या नावावर वेगळी फर्म करून टाका. आणि पगारात बेसिक कमी दाखवून बाकी अलाउन्स दाखवले तर पीएफ कमी बसतो असंही ऐकलंय. मार्गदर्शन करा.

उत्तर: दादा, तुम्ही पीएफची काळजी करताय पण त्याच्या आधीचं चुकलंय. ईएसआय दहा माणसांना लागतो, तुमचे अठरा कधीचेच आहेत. तो आधी काढा, उद्या नाही, याच आठवड्यात.

आता पीएफ. ठेकेदाराची चार माणसं तुमच्याच शेडमधे, तुमचंच नमकीन पॅक करतात, ती मोजली जातात. १८ आणि ४ म्हणजे २२, तुम्ही पीएफमधे आहात. ठेकेदारानं त्यांचा पीएफ भरला नाही तर वसुली तुमच्याकडून होते, म्हणून ठेकेदाराचं बिल पास करताना त्याचं चलान आणि त्यात त्या चौघांची नावं आहेत का ते बघूनच पैसे सोडा. नुसतं "भरलंय सेठ" यावर विश्वास ठेवू नका. आणि एकदा पीएफ लागला की पुढे माणसं वीसच्या खाली गेली तरी तो सुटत नाही.

मिसेसच्या नावाची फर्म करू नका. शेड एक, भट्टी एक, माल एक, माणसं इकडून तिकडे जातात, मीटर एक, अशा दोन फर्म तपासणीत एकच धरल्या जातात आणि मग जेव्हापासून वीस झाले तेव्हापासूनचे पैसे व्याज-दंडासकट एकदम निघतात. ते पैसे तेव्हा कामगाराकडून कापता येत नाहीत, दोन्ही हिस्से मालकाच्या खिशातून जातात. हे मी घाबरवायला नाही सांगत, चांगली चालणारी युनिटं या एका गोष्टीनं बसलेली बघितलीयेत.

हिशेब एकदा डोळ्यासमोर मांडू. तळणीवरच्या माणसाचा पगार समजा १४,००० आहे. त्याच्या पगारातून पीएफ १२ टक्के म्हणजे १,६८० आणि ईएसआय पाऊण टक्का म्हणजे १०५ कापायचे, त्याच्या हातात १२,२१५ जातात. तुमच्याकडून पीएफचे तेवढेच १,६८०, त्यातले १,१६६ त्याच्या पेन्शनमधे आणि ५१४ पीएफ खात्यात. वर पीएफसोबतच्या जीवनविम्याचे अर्धा टक्का ७०, पीएफच्या प्रशासनाचे अर्धा टक्का ७०, आणि ईएसआय सव्वातीन टक्के म्हणजे ४५५. सगळे मिळून तुमचे २,२७५ जास्तीचे, म्हणजे तो माणूस तुम्हाला महिन्याला १६,२७५ ला पडतो. माणूस ठेवायच्या आधी पाकिटावरचा भाव या आकड्यावर काढायचा, १४,००० वर नाही, तिथेच बहुतेकांची गडबड होते आणि मग पीएफ जड वाटतो. पीएफ आणि ईएसआय दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे. कामगाराचा हिस्सा कापून घेतला आणि भरला नाही तर ती नुसती थकबाकी राहत नाही, फौजदारी केस होते.

अलाउन्सचं जे ऐकलंय ते जुनं झालं. कोडमधे वेतनाची व्याख्या बदललीये, घरभाडं, कन्व्हेयन्स वगैरे जे वेतनात धरत नाहीत ते सगळं मिळून एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेलं तर वरचा भाग परत वेतनात जोडतात. म्हणजे १४,००० मधे बेसिक ५,००० दाखवलं तरी हिशेब किमान ७,००० वर होणार, आणि ७,००० वर पीएफ दाखवताना किमान वेतन कुठे गेलं हा प्रश्न विचारला जाणारच. बेसिक सरळ ठेवा ना. पीएफची मर्यादा तशीही १५,००० च्या वेतनाची आहे, त्याच्या वर भरायची सक्ती नाही.

ईएसआय मात्र ओझं समजू नका. २१,००० पर्यंत पगार असलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना नंदानगरच्या ईएसआयसी हॉस्पिटलमधे इलाज मिळतो, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पैसे मिळतात, कढईचं तेल उडून भाजला तर कामावर येईपर्यंत ९० टक्के पैसे ईएसआयसी देतं. तळणीच्या धंद्यात हे किती कामाचं आहे ते तुम्हाला मी काय सांगू.

प्रश्न (सियागंज): काउंटरवरचा मुलगा पाच तारखेला न सांगता सोडून गेला. त्या दिवशी गल्ल्यात ४,००० कमी होते. मी त्याचा मागच्या महिन्याचा पगार थांबवलाय आणि दहावीची ओरिजिनल मार्कशीट माझ्याकडे आहे, ती ठेवलेलीच बरी ना? उचलही घेतलेली आहे त्यानं.

उत्तर: मार्कशीट आज परत करा. मूळ कागद ठेवून घ्यायचा अधिकार कुठल्याच कायद्यानं मालकाला दिलेला नाही, झेरॉक्स ठेवा, ओरिजिनल कधीच नाही, आधार कार्डही नाही.

पगाराचं असं आहे की माणूस स्वतः सोडून गेला काय किंवा तुम्ही काढला काय, त्याचा निघणारा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. न सांगता गेला याचा राग मी समजते, काउंटर उघडा पडतो, पण केलेल्या दिवसांचे पैसे त्याचेच. उचल कापता येते. गल्ल्यातले ४,००० कापायचे असतील तर गल्ला त्याच्याच ताब्यात दिलेला होता आणि त्याच्याच हलगर्जीपणामुळे पैसे गेले हे दिसायला हवं, आणि कापायच्या आधी त्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, ते लिहून ठेवायला हवं. तुमच्या पत्रात लिहिलंय की संध्याकाळी दुसरे दोघंही गल्ल्यावर बसतात. मग हे ४,००० त्याच्यावर टाकणं अवघड आहे आणि खरं सांगायचं तर बरोबरही नाही. सगळी मिळून कपात पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये, दंड म्हणून कापलं तर ते ३ टक्क्यांच्या आत.

आणि हे विसरू नका की तो तक्रार करायला गेला तर पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची असते, त्याची नसते. दावा करायला आता तीन वर्षं मिळतात. रोख देत असाल तर सही घ्या, नाहीतर बँकेत किंवा यूपीआयनं टाका, तोच पुरावा. पगार कमी दिल्याचं निघालं तर दंड ५०,००० पर्यंत, पाच वर्षांत परत तेच केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

प्रश्न (पोलोग्राउंड): ताई, ग्रिल-गेटचं छोटं फॅब्रिकेशन आहे, चार माणसं. मागच्या महिन्यात कटरवर एकाची तर्जनी पूर्ण गेली. वय ३०, पगार १५,०००. दवाखान्याचा सगळा खर्च मी केला, पगारही चालू ठेवलाय. लोक म्हणतात आणखी द्यावं लागेल, ईएसआय तर आमच्याकडे नाही.

उत्तर: दादा, खर्च केलात आणि पगार चालू ठेवलात हे फार चांगलं केलंत, सगळे करत नाहीत. पण हो, आणखी द्यावं लागेल. ईएसआय नसलेल्या ठिकाणी अपघाताची भरपाई मालकाच्या डोक्यावर असते, १९२३ पासूनचा हा कायदा आहे, आता सोशल सिक्युरिटी कोडमधे आलाय, आणि मशीनच्या कामात चार माणसं असली तरी लागतो. त्यात कुठला अवयव गेला तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली याची यादीच दिलीये, पूर्ण तर्जनीला १४ टक्के आहेत. हिशेब असा होतो, पगाराचे ६० टक्के म्हणजे ९,०००, त्याला वयाचा आकडा, ३० वर्षांना तो २०७.९८ आहे, गुणिले केले की १८,७१,८२० येतात, त्याचे १४ टक्के म्हणजे साधारण २,६२,०५५ रुपये. दवाखान्याचा खर्च यात धरत नाहीत, तो वेगळा.

एवढी रक्कम बघून तुमच्या पोटात गोळा आला असेल, मला कळतंय. पण "पन्नास हजार घे आणि सही कर" असला समझौता करू नका. असा समझौता नोंदवावा लागतो, नोंदवलेला नसेल तर त्याचा काही उपयोग नाही आणि पूर्ण रकमेची जबाबदारी तशीच राहते. रक्कम महिन्याभरात द्यायची असते, उशीर झाला तर १२ टक्के व्याज, आणि कारण पटलं नाही तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. एकरकमी जमत नसेल तर एका वकिलाला घेऊन भरपाईच्या कमिशनरसमोर जा, अर्ज करून सांगा, लपवू नका.

राहिलेल्या तिघांसाठी आजच इन्शुरन्सवाल्याला फोन करून वर्कमेन कॉम्पेन्सेशनची पॉलिसी घ्या. तीच तर्जनीची भरपाई पॉलिसी असती तर कंपनीनं दिली असती. जीव गेला असता तर याच वयाला आणि पगाराला १५,५९,८५० चा हिशेब आहे. आणि कटरवरचं गार्ड काढून ठेवलं होतं असं तुम्हीच लिहिलंय, ते परत बसवा, काम थोडं हळू होईल तर होऊ दे.

प्रश्न (राजवाडा): अकरा जणं आहेत दुकानात. दिवाळीला बोनस कायद्यानं द्यावा लागतो का?

उत्तर: बोनसचा कायदा वीसपासून लागतो, तेव्हा किमान ८.३३ टक्के. अकरा जणांना सक्ती नाही. पण दरवर्षी देत आला असाल तर यंदा अचानक बंद करू नका, लोकांनी त्या पैशावर घरचं काही ठरवलेलं असतं. बोनस राहू दे, अकरा आहेत तर ईएसआय काढलाय का ते सांगा.

प्रश्न (सुदामा नगर): माझी पॅथॉलॉजी लॅब आहे, १२ जणं. टेक्निशियन मुलगी चांगली आहे, १८,००० देतो, दीड वर्ष झालं. आता तिला सहावा महिना लागलाय. सहा महिने घरी बसवून पगार देणं मला परवडणारं नाही. आधीच राजीनामा घ्यावा का, नंतर परत घेईन.

उत्तर: डॉक्टर साहेब, असला राजीनामा घेऊ नका. तो राजीनामा समजला जात नाही, बाळंतपणामुळे काढलं असंच धरतात, आणि तसं काढलं तरी तिचा हक्क जात नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या बाईला पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवडे पूर्ण पगारी रजा आहे, २०१७ पासून. त्यातले ८ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाच्या आधी घेता येतात.

तुम्ही परवडण्याचं लिहिलंय म्हणून तेच बोलू. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, ढोबळ ६०० रुपये रोज धरला तर १,०९,२०० होतात. बारा माणसं आहेत म्हणजे तुम्हाला ईएसआय कधीचाच लागू होता. तो काढलेला असता तर तिच्या पगारावर तुमचे महिन्याला ५८५ गेले असते आणि हे १,०९,२०० ईएसआयसीनं दिले असते. आता घाईनं तिचं नाव घातलं तरी तिथे आधीच्या सहा-सहा महिन्यांच्या दोन वर्गणी-काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते, सहावा महिना चालू आहे, ते जमेलच असं नाही, म्हणजे या वेळचे पैसे तुम्हीच द्यायची तयारी ठेवा. दीड वर्ष एकही तक्रार नाही असं तुम्ही लिहिता, अशी टेक्निशियन नव्यानं शोधून शिकवायला किती जातात तो हिशेबही एकदा करा. ती परत आली की मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ द्यायचा. आणि बाकीच्या अकरा जणांचा ईएसआय लगेच काढा, मागची वर्गणी व्याजासकट मागितली जाऊ शकते, आपण होऊन गेलेलं केव्हाही बरं.

प्रश्न (एम. टी. क्लॉथ मार्केट): वडिलांच्या वेळेपासूनचे मुनीमजी आता थांबतायत. २२ वर्षं ८ महिने झाले. बेसिक धरून १६,००० आहेत. दुकानात आता सातच जणं आहेत, दहा वर्षांपूर्वी अकरा होते. ग्रॅच्युइटी लागते का? वडील गेल्यावर दुकान माझ्या नावावर झालं, मग माझ्याकडची नोकरी सहाच वर्षांची ना? ते काही मागत नाहीयेत, मला द्यायचं आहे पण बरोबर किती ते कळू दे.

उत्तर: असं पत्र आलं की बरं वाटतं. लागते. ग्रॅच्युइटी दहा माणसांना लागू होते आणि एकदा झाली की नंतर माणसं कमी झाली तरी चालूच राहते, तुमच्याकडे अकरा होते तेव्हाच ती लागली. मालक बदलला म्हणून नोकरी तुटत नाही, बसायची गादी तीच, दुकान तेच, त्यांची वर्षं पहिल्या दिवसापासून धरायची.

एका वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. १६,००० गुणिले १५ भागिले २६ म्हणजे एका वर्षाचे ९,२३०.७७. सहा महिन्यांच्या वरचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून २२ वर्षं ८ महिने म्हणजे २३. एकूण २,१२,३०८. ते थांबतील त्या दिवसापासून ३० दिवसांत द्या, चेकनं द्या, हिशेबाचा कागद सोबत द्या. पन्नास-साठ हजार घेऊन "माझं काही बाकी नाही" असं लिहून घ्यायची मार्केटमधे पद्धत आहे ते मला माहितीये, त्या कागदानं हा हक्क संपत नाही.

बाकीच्या सहा जणांचं आत्तापासून दर महिन्याला थोडं वेगळं काढत चला. आणि कोडमधे एक नवीन आलंय, ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला पाच नाही, एक वर्षानंतरच हिशेबानं ग्रॅच्युइटी मिळते.

प्रश्न (छावणी): गावाकडचा दूरच्या नात्यातला मुलगा आहे, १३ वर्षांचा. पोह्याच्या दुकानावर सकाळी मदतीला ठेवला तर चालेल का? घरची परिस्थिती वाईट आहे, उलट त्यांचीच मदत होईल.

उत्तर: नाही. १४ च्या आतल्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. दुकानाच्या बाबतीत घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत एवढीच सूट आहे, तीही आई-वडील, भाऊ-बहीण, काका, आत्या, मामा, मावशी एवढ्यांपुरती आणि धोक्याचं काम नसेल तर. दूरचं नातं त्यात बसत नाही, आणि भट्टीवर उकळत्या तेलाजवळ सकाळी पाचला तर मुळीच नाही. सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. मदत करायची असेल तर त्याची शाळेची फी भरा, दप्तर घेऊन द्या. कामच द्यायचं तर त्याच्या घरात मोठं कोणी असेल त्याला द्या.

प्रश्न (पलासिया): पहिल्यांदाच माणसं घेतोय, चार जणं, छोटं डिजिटल मार्केटिंगचं ऑफिस. नियुक्तीपत्र द्यावं म्हणतात, ते नेमकं कसं लिहायचं? आणि नाही जमलं तर काढायचं कसं?

उत्तर: तुमच्यासारख्यांची पत्रं जास्त यायला हवीत, माणूस यायच्या आधी विचारणारे. नियुक्तीपत्राची कोडमधली सक्ती दहा माणसांपासूनच्या ठिकाणी आहे पण तुम्ही चौघांनाही द्या. एक पान पुरतं. नाव, पत्ता, कामाचं नाव, काम सुरू केल्याची तारीख, पगार आणि त्यातले भाग, कामाची वेळ, आठवड्याची सुट्टी कुठल्या दिवशी, रजा किती, पगाराची तारीख, नोटिस किती दिवसांची, दोन्ही बाजूंनी सारखी. प्रोबेशन ठेवायचं तर किती महिने ते लिहा. "कंपनी केव्हाही, कारण न देता काढू शकते" असलं वाक्य नेटवरून उचलून घालू नका, कोर्टात त्याला फार वजन नसतं आणि चांगला माणूस ते वाचूनच बिचकतो. भाषा त्याला कळेल ती, हिंदी चालते.

काढायचं असेल तर आधी चूक काय ते लेखी सांगा, सुधारायला वेळ द्या, ते पत्र आणि त्याचं उत्तर फायलीत ठेवा. ज्याला कामगार म्हणून संरक्षण आहे आणि ज्यानं वर्षात २४० दिवस काम केलंय त्याला काम नाही म्हणून कमी करायचं तर एक महिन्याची नोटिस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. चोरी, मारामारी असं काही असेल तर चौकशी केल्याशिवाय काढू नका, रागाच्या भरात "उद्यापासून येऊ नको" असं व्हॉट्सअपवर टाकलेलं तुमच्याच विरुद्ध वापरलं जातं.

गुमाश्ता अजून काढलेलं नसेल तर आधी ते करून घ्या, बँकेत करंट अकाउंट उघडतानाही तुमच्याकडे ते मागितलं जाऊ शकतं. ज्याचा पगार वर्षाला २,२५,००० च्या वर जातो त्याचा वृत्तिकर (प्रोफेशनल टॅक्स) कापायचा आहे हेही अकाउंटंटला सांगून ठेवा. आणि नियुक्तीपत्राच्या दोन प्रती काढा, दोन्हीवर दोघांच्या सह्या आणि तारीख, एक त्याला पहिल्याच दिवशी द्या.